नल्लीची झेरॉक्स

दाभोळच्या फेरीधक्क्यावर माझं दुकान.
एक मशीन, एक लॅमिनेशनचा डबा,
आणि कागदांची रिमं बल्बखाली, उबेला,
कोंबडीखाली अंडी ठेवावीत तशी;
इथली हवा खारी, कागद सर्दावतो, अडकतो.

गावची पोरं जहाजावर चढतात
ती आधी माझ्या काचेवर पालथी पडून.
दहावीचे गुण, पासपोर्ट, पिवळ्या तापाची लस,
आग विझवायला, तराफा उलटा झाला तर सुलटा करायला
शिकल्याचे दाखले.
सगळ्यांत शेवटी नल्ली.
सरकारदरबारी तिला लांबलचक इंग्रजी नाव आहे,
खाडीच्या दोन्ही काठांना ती नल्लीच.
“नल्ली आली का गो पोराची?” असं विचारतात,
म्हणजे बाकीचं विचारावं लागत नाही.

गनीचाचा मुकादमांची नल्ली मी उघडली
ती त्यांच्या पेन्शनच्या कामाला.
चौतीस वर्षं, एकोणतीस जहाजं.
कुठे चढले, कुठे उतरले,
आणि कडेच्या रकान्यात वर्तणूक:
व्हेरी गुड, व्हेरी गुड, व्हेरी गुड.
एकाच ओळीत नुसतं गुड.
“ह्या खेपेला काय केलंत, चाचा?”
“अम्मी गेली. तार पोचली बारा दिवसांनी.
दोन दिवस मी रंगाचा ब्रश हातात धरला नाही.”
ती ओळ फिकटली होती.
मी मशीनचा गडदपणा एक घर वाढवला.

त्यांचे वडील गलबतावर तांडेल होते.
शिक्का नाही, फोटो नाही.
मतलई वारा सुटला की कौलं भरून निघायचे;
परीक्षा रोजच, तोंडी,
आणि निकाल घरच्यांना
धक्क्यावर उभं राहून कळायचा.

मागच्या साली तीन पोरं आली,
तिघांच्या दाखल्यांवर क्रमांक एकच.
चिपळूणच्या एजंटाला तीन-तीन लाख देऊन झालेले.
मी बोट ठेवून दाखवलं.
धाकटा म्हणाला, छपाईची चूक असेल.
त्या प्रतींचे पैसे मी घेतले नाहीत.
एवढंच जमलं.

सुयोग पालशेतकरला ठिपक्यांत आकडा दिसला नाही.
डॉक्टरांनी पानं उलटली, त्याला सगळीकडे
नुसती वाळू.
“लाल दिवा डाव्या अंगाला, हिरवा उजव्या,
हे मला झोपेतही ठाऊक. रंग कशाला हवा?”
पण अंधारात समोरून येणाऱ्याचं
डावं कुठलं, उजवं कुठलं,
ते रंगच सांगतो. त्याला माहीत होतं.
डेक बंद, इंजिन बंद. स्वयंपाकाचा कोर्स उरला.
जहाजावर आचाऱ्याला भंडारी म्हणतात.
त्याची आई अजून हसते:
खारव्याच्या पोटी जन्मून भंडारी झाला मेला.
सध्या कोरियाजवळ आहे,
एकवीस माणसांच्या डाळीला फोडणी देतोय.

आणि काल निशिगंधा जांभारकर.
हातात प्रश्नांची वही, उन्हानं नाकाचं साल निघालेलं.
सेकंड मेटच्या तोंडीला बसायचंय.
“मावशी, विचार ना.”
मी वाचून दाखवलं: धुकं आहे.
पुढून भोंगा ऐकू येतोय, जहाज दिसत नाही. काय करशील?
ती धडाधड बोलत गेली,
सुकाणू हलेल एवढाच वेग ठेवेन, मग हे, मग ते;
मला काय कळतंय, मी मान हलवली.
मग दोघींनी समुद्रावरचे दिवस मोजले.
पुन्हा मोजले.
अकरा कमी.
जहाज गोदीत दुरुस्तीला होतं ते दिवस
धरत नाहीत म्हणे.
पलीकडे धोपाव्याहून फेरी सुटली,
ती येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

“तरी काढ,” म्हणाली, “सगळ्या पानांच्या.”
कोऱ्या पानांच्याही?
“कोऱ्याही.”

कोरं पान पालथं घातलं, उजेड सरकला.
प्रत निघाली ती बारीक ठिपक्यांनी भरलेली,
काचेवरचं मीठ.
बल्बखाली धरून
आम्ही दोघी त्यात आकडा शोधत राहिलो.