चतकोर

भोसरीत आमच्या शेडच्या भिंतीवर एक फळा आहे.
माणसांची नावं उभी, कामं आडवी,
आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे एकेक वर्तुळ,
भाकरीसारखं चार भागांत मोडलेलं.

पहिला चतकोर : माहीत आहे.
दुसरा : कुणी शेजारी उभं राहिलं तर जमतं.
तिसरा : एकट्याने जमतं.
चौथा : दुसऱ्याला शिकवता येतं.

पूर्वी हे कुलथेसाहेब भरायचे.
ज्याचा चहा गोड लागला त्याला अख्खी भाकरी.
पहिल्या पाळीत ज्याचे तीन,
तिसऱ्या पाळीत त्याचेच दीड.
दीड कुठून आला, असं ऑडिटवाल्याने विचारलं
तेव्हा सगळे छताकडे बघत होते.

मग ठरलं : सगळ्यांना एकच ड्रॉइंग, एकच मायक्रोमीटर,
वीस मायक्रॉनची सूट, चाळीस मिनिटं.
आयटीआयचा असो की शेतातून थेट आलेला,
आधी पीस, मग सर्टिफिकेट.
तपासणार मी. मार्कर माझ्या खिशात.

हुसेन मुलाणी, वय छप्पन्न.
एकतिसाव्या मिनिटाला पीस टेबलावर,
अजून कोमट.
मापात चूक काढायला जागा नव्हती.
"शिकवता येतं, मामा?"
"बघून शिकावं. आम्हाला कुणी शिकवलं होतं?"
मी तीन भरले.
त्या दुपारी त्यांनी डबा एकट्याने खाल्ला.
रात्री निगडीला, घरी, पोळी मोडताना
माझाच हात अडला.

मंगळवारी त्यांच्या लेथवर सुवार्ता भिंगारदिवे,
चौदा दिवसांची, वर्तुळ कोरं.
"टूल बोथट झालं हे तुम्हाला आधीच कसं कळतं?"
मामा गप्प. कुलंट टपटपतंय.
मग म्हणाले, "हेडस्टॉकवर बोट ठेव.
आधी गुणगुणतं, मग कुरकुरतं.
कुरकुरायच्या आधी एक श्वास गप्प होतं.
तिथे थांबव."
तिने थांबवलं. टूल काढून पाहिलं :
कड गेली होती,
नखाला जाणवेल एवढीच.

फॉर्मवर 'पुरावा' असा रकाना आहे.
मी लिहिलं : एक श्वास.
खोडलं. तिला आणखी दोनदा करायला लावलं,
मग लिहिलं : निर्णय अचूक, तीनपैकी तीन.
तिचा दुसरा भरला. मामांचा चौथा.

बुधवारी सुटताना मामा फळ्यापाशी उभे.
"मायक्रोमीटरवर चिठ्ठी आहे,
पुढची तपासणी जानेवारीत.
तुझ्यावर कुठंय?"

उद्या गुरुवार, सुट्टी, शेड बंद.
घाई कुणालाच नव्हती.
मी सगळ्यात खाली माझं नाव लिहिलं,
कामाच्या जागी : माणूस मोजणे.
वर्तुळ काढलं, थोडं वाकडंच आलं,
आणि मार्कर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
एक चतकोर भरला.
"दुसऱ्याचं बघू," म्हणाले,
"राहतो मी शेजारी उभा."