तासिका तत्त्वावर

माझ्या नेमणूकपत्रात तत्त्व एकदाच येतं:
'तासिका तत्त्वावर'.
म्हणजे शिकवला तो तास खरा,
न शिकवलेला नव्हताच.
दिवाळीची सुट्टी, परीक्षांचे दिवस, अख्खा मे महिना,
यांना माझ्यापुरतं अस्तित्व नाही.
वर्गात हे मी उदाहरण म्हणून सांगते.
मुलं हसतात. तिघं आहेत.

वर्ग रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेवर,
त्यामुळे ज्ञानमीमांसेला नेहमी
सडक्या अंड्यांचा वास येतो.
खिडकीतून पाथर्डी फाट्याकडचे टॉवर
आणि त्यांच्या फटीतून
विल्होळीच्या अंगाचा एक डोंगर.
अनुमान शिकवताना फार उपयोगी पडतो.
डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे.
किती शतकं धुमसतोय पुस्तकात हा डोंगर,
कुणी बादलीभर पाणी घेऊन गेलं नाही.

त्या दिवशी खरंच काहीतरी उठत होतं तिकडून,
करडं, आळसावलेलं.
मी खडू रोखला: बघा, हेतू!
जीभाऊ बागूल रात्रपाळीहून थेट येतो,
अंबडच्या कारखान्यात बेअरिंगं मोजून,
तांबारल्या डोळ्यांनी.
म्हणाला, 'मॅडम, धूर नाही तो.
धूळ आहे. खडीचं क्रशर.
माझा मावसा डंपरवर आहे तिथे.'

हेत्वाभास, मी म्हणाले, छान,
आणि फळ्यावर पाच प्रकार लिहायला घेतले.
'आणि डोंगर पण,' तो बसता बसता,
'दरवर्षी थोडा कमी होतो.
पक्षच उरला नाही तर
अनुमान कशावर करायचं?'

यालाही नाव आहे. आश्रयासिद्ध.
आकाशात उगवलेलं कमळ सुगंधी आहे, असं म्हटलं
तर चूक सुगंधात नसते.
नाव होतं माझ्याकडे. तरी खडू
फळ्यापासून वीतभर लांब थांबला.

माझा प्रबंध अभावावर आहे.
अकरा वर्षं. मार्गदर्शक दोन झाले,
पहिले निवृत्त,
दुसऱ्या बाई भेटल्या की विचारतात, अजून किती?
जमिनीवर घडा नाही, हे दिसतं,
की दिसत नाही म्हणून कळतं?
एवढाच प्रश्न.
'समाजाला होणारा उपयोग' या रकान्यात
मी तीनदा खोडाखोड केली आहे.
आई म्हणते, घडा नाही तर नाही,
कळशी घे, नळ जाईल.

संध्याकाळी लेखानगरहून स्कूटी वळवताना
मी तो डोंगर पहिल्यांदा नीट पाहिला.
उजवी कड सरळ उतरलेली,
खरवसाची वडी कापावी तशी.
तिथे काहीतरी नव्हतं.
आणि ते दिसलं मला.
आधी आठवलं, मग ताडून पाहिलं, मग कळलं,
असं काही झालं नाही.
दिसलं.
मागून रिक्षावाला हॉर्न देत होता.
हे माझ्या तिसऱ्या प्रकरणाच्या
साफ विरुद्ध जातं.

सोमवारी जीभाऊ आला नाही.
मंगळवारीही. पाळी बदलली असेल,
यशोदा भोये म्हणाली, किंवा गावी, सटाण्याला.
पंधरा मिनिटं वाट पाहून
दोघींना अभावाचे प्रकार सांगितले.
घडा फुटल्यानंतरच्या अभावाला सुरुवात असते, शेवट नसतो.
घडा घडण्याआधीच्या अभावाला
शेवट असतो, सुरुवात नसते.
'मग जीभाऊ कुठल्यात?' यशोदाने विचारलं.
ते परीक्षेला येत नाही, मी म्हणाले,
आणि हजेरीपटातला त्याचा रकाना
कोराच ठेवला.

तास संपला. माझ्या हिशेबात एक तास खरा झाला.
खिडकी लावायला उठले
तर कठड्यावर बोटाला
पांढुरकी भुकटी लागली.
खडूचीही असेल.