उद्या किती?

रात्री साडेआठला बेकरीच्या गाडीवरून दस्तगीरचा फोन येतो.
नमस्कार नाही, काही नाही, फक्त:
“वैनी, उद्या किती लावू?”

मी फळीकडं बघते.
चार ब्रेड उरलेत. काल तीन.
परवा मात्र सकाळी नवालाच संपले होते
आणि लोहारांची सून मिसळीचं पातेलं गॅसवर ठेवून आली होती.
तिला मी टोस्ट दिले.
ती काही बोलली नाही.
तेव्हापासून समोरच्या दुकानातली पिशवी हलवत
माझ्या दारावरून जाते,
मुद्दाम सावकाश.

सासरे म्हणायचे, भरल्या फळीवरच गिऱ्हाईक हात टाकतंय, पोरी.
मागं रिकामे खोके, पुढं साबणाची एकच रांग,
सगळी नावं रस्त्याकडं तोंड करून.
दर अमावास्येला ते परसात खड्डा काढायचे.
मला वाटायचं, कसलं तरी देवाचं असेल.
लग्नानंतर वर्षभरानं कंदील धरायला गेले तेव्हा दिसलं:
जाळी धरलेला रवा, किडकी तूर,
फुगलेले लोणच्याचे डबे.
“कुणाला बोलू नको,” म्हणाले,
आणि माती पायानं दाबली.

आता पुतण्यानं मोबाईलवर हिशेबाचं ॲप बसवलंय.
हुशार आहे ते. गेल्या साली दिवाळीला किती पोहे गेले, त्याला पाठ.
श्रावण लागला की अंडी कमी कर, साबुदाणा वाढव, आपणहून सांगतं.
पण गल्लीत कुणी गेलं की
शेजारणी पिठलं करून त्या घरी नेतात
आणि दुपारपर्यंत बेसन संपतं,
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
तालमीच्या पोरांनी फुटबॉलची फायनल मारली
तर फ्रिजमध्ये एक थंड बाटली उरत नाही,
हरली, तर दोन खोके तसेच
काचेआड घाम गाळत उभे.

पुराच्या वर्षी शिरोलीजवळ रस्ता बुडाला.
ट्रक पलीकडं, आम्ही अलीकडं.
तिसऱ्या दिवशी वाढदिवसाच्या बारक्या मेणबत्त्यासुद्धा गेल्या.
उरलं ते बुटाचं पॉलिश, उदबत्तीचे चार पुडे, आणि मी.
लोक यायचे, फळीकडं बघायचे,
मग माझ्याकडं, जणू मीच खाल्लंय.
पाणी उतरल्यावर मी जी ऑर्डर दिली
ती भ्यालेल्या माणसाची ऑर्डर होती.
डिसेंबरात मैद्यातून अळ्या चालत होत्या,
निवांत, रंकाळ्यावर फिरायला आल्यागत.

शिळा ब्रेड लगारे गवळ्याच्या म्हशी खातात.
त्यांना तारीख वाचता येत नाही.
संध्याकाळी गंगावेशीत त्यांच्याच धारेखाली
लोक पेले धरून उभे असतात.
मीही एकदा प्याले.
माझंच नुकसान, फेसासकट,
आणि वर पैसे मोजून.

सगळ्यात खालच्या कप्प्यात
बिनसाखरेची बिस्किटं आहेत, दोन पुडे.
तवंदकर मास्तर दर शुक्रवारी न्यायचे, बाईंसाठी.
पाच शुक्रवार झाले, फिरकले नाहीत.
ॲप म्हणतंय: माल हलत नाही, बंद करा.
मी बंद केलं नाही. चौदाला तारीख संपली,
जुने काढले, नवे दोन ठेवले.
गेल्या आठवड्यात मास्तर पायरीशी थांबले.
चप्पल काढली नाही, आत आले नाहीत.
“ती बिस्किटं आहेत नव्हं?”
“आहेत की.”
“असू देत,” म्हणाले,
आणि तसेच गेले.

हे दोन पुडे कुठल्या खात्यावर लिहायचे?

“वैनी? गाडी चालू हाय माझी.”
“अकरा,” मी म्हणते.
तो ठेवणार, तेवढ्यात,
“थांब. तेरा कर.”