शेरा

वर्षातून चार वेळा मी विहिरीत टेप सोडतो.
टेपच्या शेवटच्या मीटरला खडू फासायचा,
सोडायचा, थांबायचं, ओढून घ्यायचा.
जिथं पांढरं संपून करडं सुरू होतं
तिथं पाणी.
एवढंच माझं काम. पगार कंत्राटी.

रावेरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी
गोटे, वाळू, पुन्हा गोटे,
डोंगरानं पाट्या ओतून ठेवल्यासारखे.
त्यांच्या पोटात पाणी.
वर टिश्यूची केळी, सगळी एका उंचीची,
प्रार्थनेला उभी केल्यासारखी.
आणि केळीतून जाणारी हद्द:
चुना फासलेला एक दगड,
इकडून ‘म’ कोरलेला, तिकडूनही ‘म’च.
कोरणाऱ्याला बहुतेक
एकच अक्षर येत असावं.

निरीक्षण विहीर क्रमांक सात, मालक सुपडू झोपे.
मे महिना. कठड्याला हात लागला तर चटका.
एकोणतीस मीटर चाळीस.
मागच्या मेमध्ये सव्वीस दहा होतं.
सुपडूभाऊ आकडा ऐकतात
आणि माझ्याकडे न बघता उत्तरेकडे बघतात.
‘ते पिऊन राह्यले भो, रातभर.’

तिकडे उमरखेडीच्या शिवारात
गेंदालाल कास्डे असाच टेप सोडतो,
त्याचा फॉर्म हिंदीत.
त्याला तिथले म्हणतात,
‘नीचेवाले खींच रहे हैं.’
नाक्यावरच्या टपरीत आम्ही दोघं
एकमेकांच्या वह्या बघतो,
जुळ्यांच्या कुंडल्या बघाव्यात तशा.

एका रात्री ठरवलं. साहेबांना विचारलं नाही.
तिकडची लाइट दहाला येते, दोनला जाते.
इकडची दोनला येते.
सुपडूभाऊंची मोटर बंद, मी कठड्यावर,
बॅटरी दातात.
दहाला फोन: ‘चालू किया.’
सव्वादहा, काही नाही.
साडेदहा, काही नाही.
एक मालगाडी भुसावळकडे गेली, बराच वेळ जात राहिली.
सव्वाअकराला पाणी दोन बोटं खाली.
बाराला चार.
‘पाह्यलं?’
सुपडूभाऊ उभे राहिले, कोर्टातला निकाल
आपल्या बाजूनं लागल्यासारखे.

दोनला पंपघरात दिवा लागला.
मी म्हटलं, आता तुमची लावा.
ते दाराशी थोडे रेंगाळले.
चप्पल शोधली, ती पायातच होती.
मग बटण दाबलं.

साडेतीनला गेंदालालचा फोन.
आधी नुसता श्वास.
‘चढ रहा था. रुक गया.’
थोड्या वेळानं: ‘उतर रहा है.’
कितना?
‘चार उंगली.’
सुपडूभाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला,
कानाला लावला.
काय बोलावं ते सुचेना त्यांना.
मोटर चालू होती, पाणी पाइपातून
केळीकडे पळत होतं.
‘जेवला का रे तू?’ त्यांनी विचारलं.
तिकडून मराठीतच आलं,
‘हो बाबा, भाकर अन् ठेचा.’

फॉर्मला रकाने आहेत:
गाव, तालुका, जिल्हा, राज्य, खोली.
शेवटी शेरा, नखाएवढा.
दरवेळी मी तिथं ‘निरंक’ लिहितो.
या वेळी लिहिलं, ‘उमरखेडी पाहावे.’
गेंदालालनं लिहिलं, ‘झोपेजी का कुआँ देखें.’
दोन्ही फॉर्म परत आले, आठवड्याच्या फरकानं.
विहीर चालू की कोरडी
एवढंच नमूद करावे.

पावसाळ्याआधी बोअरची गाडी आली,
त्या दगडापाशी थांबली.
ड्रायव्हरनं मला विचारलं, साडेआठशे फूट कुठं पाडायचंय,
अलीकडे का पलीकडे?
मी हातानं दाखवलं नाही.
कुणीतरी दाखवलंच असणार.
रात्री तो आवाज दोन्ही गावांत गेला.

ऑक्टोबरात टेप वर ओढला,
खडू पुसायच्या आत
सुपडूभाऊ शेजारी येऊन टेकले.
आकडा मी सांगणारच होतो.
‘थांब,’ म्हणाले,
‘त्याचा किती आला ते सांग आधी.’