अठरा

पुंता अरेनासमध्ये वारा चढला की
रस्त्याकडेला दोर बांधतात,
माणसांना धरून चालता यावं म्हणून.
आमच्या वॉर्डात दोर नाही.
एक स्क्रीन आहे, आणि एकमेकांची नावं.

रात्री दोन वाजता इथे सगळ्यांचा श्वास अठरा असतो.
पाच नंबरचा अठरा, सहाचा अठरा,
परवा गेलेल्या चार नंबरच्या बाईंचाही
शेवटच्या नोंदीपर्यंत अठराच.
नाडी यंत्र मोजतं, रक्तदाब यंत्र मोजतं,
बोटाचा चिमटा ऑक्सिजन सांगतो.
श्वास तेवढा माणसानं मोजायचा,
छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट.
आणि मिनिट आणायचं कुठून?
रात्रपाळीला वेळेचं अठरा विश्वे दारिद्र्य.
मीही लिहिलाय. वीस वर्षं लिहितेय.
हात आपोआप जातो त्या आकड्यावर,
जसा अंधारात दिव्याच्या बटणावर.

रोसेंदा नवी. चिलोए बेटावरची.
तिची तिसरीच रात्र.
सात नंबरला एवारिस्तो बार्रिया,
जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेला माणूस,
सोमवारी पित्ताशय काढलेलं.
"बरा आहे," म्हणाला,
पण मध्येच दम घेऊन.
ती खाटेशी थांबली, घड्याळ तळहातावर.
मी म्हटलं, चल गं, अजून नऊ जण राहिलेत.
तिनं माझ्याकडे न बघता
बोट वर केलं.

एकतीस.

आकडा भरला आणि रकाना लाल झाला.
संध्याकाळपासून हिरवंगार बसलेलं तेच यंत्र.
त्याला काय बोलणार?
आपण भरवू तो घास ते गिळतं.

फोनवर रोसेंदा अडखळली.
डॉक्टर वुकासोविच यांनी तिचंच बोलणं
तिला परत ऐकवलं:
सात नंबर, श्वास एकतीस, अंगात ताप. बरोबर?
बरोबर.
मग पावलं, चाकं, नोलबेर्तोच्या हातातलं सलाईन.
"यास्ना, रक्त घे." "घेतलं."
"अँटिबायोटिक?" "सुरू केलं, दोन एकोणीस."
प्रत्येक हाकेला नाव, प्रत्येक नावाला ओ.

रोसेंदा नंतर सांगत होती, तिच्या बेटावर
अख्खं घर ओंडक्यांवरून ओढून नेतात शेजारी,
बैल जुंपून, दोर लावून.
एकानं जरी हाक ऐकली नाही
तर घर नाही, आधी माणूस चिरडतो.
चहा निवला होता. कुणी प्यायलं नाही.

एवारिस्तो वर, आयसीयूत आहे.
बोलतोय म्हणे. शिव्या देतोय, म्हणजे ठीकच.

पहाटे मी चार नंबरच्या बाईंची नोंद उघडली.
अठरा, अठरा, अठरा,
त्यातले दोन माझ्या सहीचे.
बंद केली. परत उघडली.

मग आठ नंबरच्या पोरीजवळ उभी राहिले.
केवढं लांब असतं एक मिनिट.
खिडकीची काच वाऱ्यानं थरथरत होती,
पांघरूण वर, पांघरूण खाली,
मी ओठांनी मोजत गेले.

अठरा.

खरंच अठरा.
आता हे माझं कोण खरं मानणार?