वजन

लतीफ पिंजारीबद्दल मला जे कळलं
ते खाली बसून, घोडीचा खूर मांडीवर घेऊन.
मी नालबंद. दीड महिन्यानं गिरणाऱ्याला फेरी.
तो तिच्या तोंडाशी उभा, लगाम सैल,
बोलतो तिच्याशी. ऐकतो मी.

एकोणीस सीझन. पुणे, मुंबई, एकदा उटी.
सदतीस जिंकल्या.
सदतीस काय कमी आहेत, मी म्हणालो.
"हरलेल्या मोज म्हणावं याला,"
हे घोडीला.

आदल्या दिवशी एक अंडं, काळा चहा,
रबरी कोट घालून भर उन्हात पळायचं,
तरी काटा हलला नाही तर डब्यात थुंकत बसायचं.
थुंकून पावशेर उतरतो, माहितीये?
अंगावर रेशीम, ते मालकाच्या रंगाचं,
रेस संपली की खुंटीला परत.
अकराव्या सीझनला कंबर मोडली.
त्याच्या डाव्या चपलेची टाच अजून बाहेरून झिजते.
घोडा असता
तर मी कानस मारून सरळ केला असता.

ही घोडी गेल्या दिवाळीत आली, टेम्पोतून.
कागदावर नाव ग्रँड ऑफर, इथं बिजली.
करडी होती, वयानं पांढरी पडली,
म्हणून लग्नाला चालते.
पायात रेसचे ॲल्युमिनियमचे नाल, पापडासारखे.
मी ते उपटले, लोखंडी ठोकले.
लतीफनं जुने चारही उचलले,
तळहातावर तोलत राहिला.
"माझ्याखाली चौथी आलेली ही," म्हणाला.
"पावसाळी ट्रॅक. माझीच चूक."
घोडीनं शेपूट हलवलं, माशी होती.

मग महिनाभर तिला उभं राहायला शिकवलं.
नूरबी भगोणं बडवायची, पोरं पत्र्याचा डबा,
शेजारच्या बागेत गंधकाची फवारणी चाललेली,
आणि हा तिच्या कानात: नाही, नाही,
आता पळायचं नाही, बाई.
जन्मभर उलटं सांगितलेला माणूस.

गंगापूर रोडच्या लॉनवर मीही होतो त्या रात्री.
ढोल असा, की छातीतले खिळे निघावेत.
नवरदेव ब्याण्णव किलो, बूड ढिलं,
दोन्ही हातांनी खोगीर धरलेलं.
लतीफच्या डोक्यावर भाड्याचा लाल फेटा.
खालून मला म्हणाला,
"याला काही येत नाही. तरी पहिला येणार."
व्हिडिओवाला ओरडला, काका, बाजूला व्हा.
झाला.
घोडी जागची हलली नाही.

रात्री एकला परत निघाले दोघं,
चौदा-पंधरा किलोमीटर, थंडी नाशिकची.
हा लंगडत पुढे, ती मागे, पाठ रिकामी.
मी मोटरसायकल हळू केली.
बसत का नाही, लतीफभाई?

"आज जेवलोय," म्हणाला.