चार सूत

आखाजीच्या आदल्या दिवशी लाकूड आलं,
देवपुरात, दुसऱ्या मजल्यावर,
भामरे बाईंच्या नाचाच्या क्लासात.
बाई म्हणाल्या, उद्यापासून लावा.
मी म्हटलं, दहा दिवस नुसतं पडू द्या.
पाव्हणं आहे. आधी पाणी पिऊ द्या,
घर बघू द्या, मग कामाला जुंपू.

रुमाल्यानं एक पट्टी उचलून नाकाशी नेली.
धडगावच्या वर त्याचं घर,
सागाखाली शेळ्या राखत वाढला.
म्हणाला, मिस्तरी, हे आपलं नाही.
बिल काढून पाहिलं : घाना.
समुद्र ओलांडून आलेलं लाकूड
धुळ्याच्या चव्वेचाळीस डिग्रीत
अंग चोरून बसलं होतं.
रोज तिन्हीसांजेला मी त्याची रुंदी मोजायचो.
केसभर, आणखी केसभर कमी.
बाई समजायच्या, म्हातारा वेळ काढतोय.

मग खाली रिपा. रिपांखाली रबराचे तुकडे,
पाय आदळला तर जमिनीनं
थोडं ऐकून घ्यावं म्हणून.
पाणसळ, गुण्या, ताणलेली सुतळी.
पहिली ओळ हुकली तर काही दिसत नाही,
समोरच्या भिंतीपाशी पोचलं की
ती चूक पाचर होऊन उभी राहते.
खाचेत जीभ बसवायची,
खिळा तिरपा, जिभेच्या मुळाशी,
पुढची पट्टी आली की तो झाकला जातो.
अशा दोन हजार खिळ्यांचा हिशेब
माझ्या उजव्या खांद्याला विचारा.

आणि कडेनं, चारी भिंतींना,
चार सूत जागा मोकळी.

बाईंनी त्या फटीत बोट घातलं.
हे काय, माप चुकलं?
नाही म्हटलं. वरून पट्टी येईल, झाकेल.
नंदुरबारच्या डॉक्टरांचं मात्र सांगितलं नाही.
तिथं मी लाकूड भिंतीला असं भिडवलं होतं
की नख जाऊ नये.
चहा पिता पिता तीनदा वळून पाहिलं होतं,
स्वतःवरच खूश.
पोळ्याच्या सुमाराला फोन आला.
हॉलच्या मधोमध जमीन
भाकरीसारखी टम्म फुगलेली.
डॉक्टर रागावले नाहीत.
त्यांनी तिच्यावर लोखंडी कपाट ठेवून पाहिलं होतं.
कपाट कललं, जमीन काही बसली नाही.
झिपरूकाका तेव्हा होता अजून,
ज्यानं मला रंधा धरायला शिकवलं.
तपकीर झटकत एवढंच म्हणाला :
"लाकूड मरी जास भाऊ,
पन त्यानी तहान मरत नही."

घासायचं यंत्र भाड्यानं आणलं.
कोपरे मात्र हातानंच, गुडघ्यांवर :
साठ नंबर, शंभर, मग दीडशे.
बाई दारातून सांगत होत्या,
फरशीवर नाचून पोरींचे गुडघे जातात हो,
म्हणून हा सगळा खर्च.
माझ्या गुडघ्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले.
मी मान हलवली.
रुमाल्या भुशात तोंड लपवून हसला.

शेवटी जवसाचं तेल.
जुन्या धोतराच्या फडक्यानं, रगेच्या दिशेनं,
आरशापासून दाराकडे मागं मागं सरकत.
तेल लागलं की काकवीचा रंग वर येतो,
आणि जिथं जिथं हात चुकला
तेही वर येतं.

उंबऱ्याबाहेर आलो, कंबर सरळ केली.
म्हटलं, तीन दिवस कुणी पाय ठेवायचा नाही,
देव आला तरी.
तेवढ्यात आत फोन वाजला.
माझाच. समोरच्या खिडकीत, कडप्प्यावर.

मधे वीस फूट ओलं लाकूड.
बायको असणार. येताना केळी आणा म्हणेल,
किंवा दुसरं काही.
रुमाल्यानं चपला काढल्या,
मी हलका आहे मिस्तरी, जाऊ?
नको.

दोघंही दारात बसून राहिलो.
फोन थरथरत बोटभर सरकला, थांबला,
परत वाजला, परत सरकला.
काठापर्यंत
चार सूत उरलं होतं.